तिसरी पाचर

इनारी सरोवर, शनिवार, ५ ऑगस्ट १९७८

सिर्का,

माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. ‘परत ये’ म्हणायला लिहीत नाहीये. एप्रिलपासून तू कुओपियोला भावाकडे आहेस. फोन केला की कालेवीच उचलतो आणि ‘ताई बाहेर गेलीय’ म्हणतो. लग्नाच्या तीस वर्षांत तू एवढी बाहेर गेली नव्हतीस. म्हणून आता पत्र लिहितोय. पत्राला तो काय सांगणार?

तौनोने मला उत्तरेला मासेमारीला आणलंय, दोन आठवडे. आपल्या तोर्नियोतून स्वीडनला बस नेणारा तौनो. सगळं आयुष्य त्याची बस हद्दीवर मीच तपासली. बायका झग्याखाली स्वस्त स्वीडिश लोण्याचे गोळे बांधून यायच्या, मी ते काढायला लावायचो आणि हा पुढे बसून शीळ घालायचा. अशी मैत्री तुटायला हवी होती, पण ती टिकली. जकातीतून निवृत्त झाल्यावर चहाकॉफीला घरी येणारा तो एकटाच उरला.

तर हा तौनो मला घेऊन आलाय एका बेटावरच्या लाकडी खोपटात. जवळचं गाव होडीने तीन तासांवर, फोन नाही, वीज नाही. खोपट त्याच्या चुलतभावाचं. आणि काल संध्याकाळी त्याने काय केलं ऐक. मला होडीत बसवून दोन खडकांमधल्या खोल पाण्यावर नेलं आणि म्हणाला, “ही माझी जागा. टाक गळ.”

तुला माहीत आहे, आपल्याकडे माणूस मेला तरी मासे लागायची जागा सांगत नाही. तौनोने सख्ख्या भावालाही दाखवली नव्हती. आणि मला अगदी बोट दाखवून! हद्दीवर जो माणूस आपणहून बॅग उघडून दाखवतो, त्याची दुसरी बॅग बघायची असते. कुठंतरी पाणी मुरतंय.

घरचं सगळं ठीक. तुझा माग वरच्या खोलीत तसाच उभा आहे आणि त्यावर ती अर्धी सतरंजीही. माझ्या जुन्या गणवेशाच्या निळ्या पट्ट्या फाडून घालत होतीस ती. तुझ्या माहेरची बाई अर्धं विणकाम टाकून जात नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. माग घरात आहे तोवर मला घोर नाही. आज ना उद्या तुला त्याच्यापाशी यावंच लागेल.

होडीत सामान चढवताना माझी पिशवी उचलून तौनो म्हणाला, “विटा भरल्यास का रे?” शिसं आहे म्हटलं, जाळ्याचं.

पाकिटाच्या जिभेखाली माझा एक केस चिकटवलाय. तो दिसला नाही तर समज, हे दुसऱ्या कुणीतरी आधी वाचलंय.

आर्मास

मंगळवार, ८ ऑगस्ट

सिर्का,

आधीचं पत्र दिलं नाही. का ते सांगतो.

इथला नावाडी ऊला, इकडच्या मूळच्या सामी लोकांतला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी दूध, पाव आणि टपाल घेऊन येतो. होडीचा आवाज ऐकला आणि मी पाकीट घेऊन निघालो, तर तौनो माझ्याआधी धक्क्यावर! जो माणूस कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवायला उठत नाही, तो पळत गेला. दोघांची हळू आवाजात बोलणी चालली होती. मी पोचलो तसे दोघेही हवामानावर आले.

“पत्र आहे? आण, देतो मी,” तौनो म्हणाला.

“पत्र कसलं? नाक पुसायला कागद आहे.”

“पाकिटात घालून नाक पुसतोस? जकातवाल्यांचा थाटच वेगळा.”

ऊला हसला. मी पाकीट मागच्या खिशात घातलं. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच हातून टपाल पाठवायचं म्हणजे चोराच्या हाती किल्ली द्यायची.

दुसरी गोष्ट. आमच्या होडीचं इंजिन काल दुपारपर्यंत गुरगुरत होतं, आज मुकं. मी दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतला. तौनो शांतपणे पाइप भरत म्हणाला, “वय झालं त्याचं. तुझंमाझं झालंय तसंच. वल्हवू की, घाई कुणाला आहे?”

मला घाई नाही. पण घाई नसलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा तारखा कशाला लागतात? जेवताना त्याने विचारलं, “शनिवारी, एकोणीसला, आपण इथंच आहोत ना?” मी म्हटलं, ठरलंय तसं. झोपायच्या आधी परत, “रविवारीच निघू हां. शनिवारी नको.” का नको, विचारलं तर म्हणे शनिवारी मासा चांगला लागतो. चाळीस वर्षं गळ टाकतोय मी. मासा काही पंचांग बघून लागत नाही.

रात्रभर मिठात ठेवलेला व्हाइटफिश सकाळी राय धान्याच्या काळ्या पावावर घालून खाल्ला. तौनो वर शेपू चुरडत होता, देठांसकट, जाडसर. तुझ्यासारखा. मी बघत राहिलो, त्याने मान वर केली नाही.

आर्मास

शुक्रवार, ११ ऑगस्ट

सिर्का,

आज तुला विचारायचंच आहे, पण आधी मला काय दिसलं ते वाच.

तौनो जाळं काढायला गेला होता. त्याची पिशवी खाटेखाली उघडी पडली होती. नाही, उघडी नव्हती. तोंडाला दोरी होती, दोन वेढे आणि डावी गाठ. बघून झाल्यावर मी परत तशीच बांधली. हात विसरत नाहीत.

लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला इंजिनाचा प्लग होता. म्हणजे इंजिनाचं वय झालं नव्हतं, त्याचा जीवच काढून ठेवला होता. मला या बेटावर अडकवून ठेवायचंय त्याला.

आणि त्याच्याखाली, वर्तमानपत्रात, सौनाच्या वाफेत अंग झोडपायच्या बर्चच्या वाळक्या जुड्या. एक हातात घेऊन मी बांधणी बघितली. आमच्या तोर्नियोकडे जुडी सुतळीने बांधतात. या बांधल्या होत्या बर्चच्याच कोवळ्या डहाळीला पीळ देऊन, दोन वेढे, टोक आत खुपसलेलं. आमच्या गावात हे कुणाला जमत नाही. मलाही जमलं नाही, तू कितीदा शिकवलंस. तुझ्या माहेरची बांधणी ती. तीस वर्षं तसल्याच जुडीने मी पाठ झोडून घेतलीय, मला ओळखू येणार नाही?

जुड्या बांधतात जूनच्या शेवटी. त्याआधीची पानं कोवळी, नंतरची गळतात. म्हणजे एप्रिलमध्ये तू मला सोडून गेलीस आणि जूनमध्ये तौनोसाठी जुड्या बांधत होतीस. तौनो मात्र जूनमध्ये माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या कॉफीत चीजचे तुकडे बुडवून खात म्हणत होता, “काहीच कळलं नाही रे तिचं.”

तू गेल्यावर गावात सगळे म्हणाले, दुसरा कुणीतरी असणार. मी म्हणत होतो, नाही. मला कळलं असतं. बहिणीकडून आलीस की तुझ्या बॅगेत कधी काही सापडलं नव्हतं. तुझ्या टपालातही नाही.

आता सांग, तौनो आहे का? असेल तर तसं लिही. मला मूर्ख बनवलेलं चालत नाही.

रागाच्या भरात आज चुलीत एक लाकूड घातलं. जुनं होतं, हातांनी गुळगुळीत झालेलं, झटकन पेटलं. कुठलं ते सांगत नाही. पेटल्यावर बाहेर काढायला गेलो, पण उशीर झाला होता. बोट भाजलं.

हेही पत्र दिलं नाही. आज ऊला आला तेव्हा मी धक्क्यावर गेलोच नाही.

आर्मास

सोमवार, १४ ऑगस्ट

सिर्का,

तीन दिवस पाळत ठेवून आहे आणि ताकास तूर लागत नाही. मी जकातीतले सगळे डाव टाकून बघितले. सरळ विचारायचं नाही, आडून यायचं, मग एकदम गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सोसत नाही आणि तो बोलायला लागतो. पण हा तौनो! याला शांततेचं काय? सकाळपासून दुपारपर्यंत दोघे होडीत बसलो, तो एकच वाक्य बोलला, “ऊन आलं.” ते मलाही दिसत होतं.

दुपारी मासे साफ करताना मी सहज काढलं, “सिर्का असती तर म्हणाली असती, पोट नीट धुवा.”

त्याची सुरी थांबली. “हं,” म्हणाला. परत खवले काढायला लागला.

“तिची काही खबर?”

“मला कुठून असणार?”

“बस चालवतोस. लोक बोलतात.”

“लोक बसमध्ये झोपतात रे.” मग त्याने मासा बादलीत टाकला, हात धुतले आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “आर्मास, आठ दिवस बघतोय मी. तू पाण्याकडे बघतच नाहीस, माझ्याकडे बघतोस. गळ पाण्यात टाकायचा असतो लेका.”

आणि मग हाच माणूस, काल माझे बूट भिजले तर त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चुलीपाशी ठेवतो. सगळ्यात मोठा ग्रेलिंग मासा लागला तर त्याचे गाल काढून माझ्या ताटात घालतो. मला काही समजत नाही. गुन्हेगार असेल तर इतका निवांत कसा झोपतो? आणि निर्दोष असेल तर प्लग मोज्यात कशाला?

बुधवारी सौना तापवायची आहे. सौनात खोटं बोलत नाहीत आणि भांडत नाहीत. चर्चमध्ये वागतो तसं वागायचं, हे सगळ्यांच्याच आयांनी शिकवलेलं. तौनो बसमध्ये शंभर थापा मारेल, पण वाफेत मारणार नाही. तिथंच विचारतो.

आर्मास

गुरुवार, १७ ऑगस्ट

सिर्का,

विचारलं.

दोघे वरच्या फळीवर बसलो होतो. त्याने त्या जुड्या पाण्यात भिजवून आणल्या होत्या, लपवल्याही नाहीत. बर्चचा वास सुटला आणि क्षणभर मला वाटलं, दार उघडून तूच आत येशील आणि म्हणशील, “सरका.” मी डोळे मिटूनच विचारलं.

“तौनो, सिर्का तुझ्याकडे राहते का?”

तो इतक्या मोठ्याने हसला की हातातलं ओगराळं फळीवरून खाली पडलं. “माझ्याकडे? माझ्या दीड खोलीत? अरे, मला पाय लांब करायला जागा नाही, तिथं तिचा माग कुठं मावणार?”

मी डोळे उघडले. “मागाचं मी कुठं काय बोललो?”

तौनो हसायचा थांबला. खाली उतरला, ओगराळं उचललं, दगडांवर पाणी घातलं. वाफ अशी आली की दोघांनी माना खाली घातल्या. ती ओसरल्यावर तो परत फळीवर येऊन बसला.

“शनिवारी नेणारेत,” तो म्हणाला. “कालेवी त्याची व्हॅन घेऊन येतोय. माग, तिचे कपडे, आईची भांडी. बाकी काही नको म्हणाली. जूनमध्ये मला भेटली, बसथांब्यावर. एकच मागितलं तिने, की तेवढे दिवस तू घरात नसावास. जुड्या त्याबद्दल दिल्या. घेऊ नयेत असं वाटलं होतं मला, पण घेतल्या.”

“मला स्वतः सांगता आलं नसतं तिला?”

“मीपण हेच विचारलं.”

“मग?”

“आर्मास, जाऊ दे.”

“सौनात बसलायस तू.”

त्याने तोंडावरून हात फिरवला. “म्हणाली, तो दारात उभा राहील आणि एकेक खोकं उघडून बघेल. म्हणाली, मला एकदा तरी न तपासता त्या घरातून बाहेर पडायचंय.”

“मी उघडलं नसतं,” मी म्हणालो.

जुडी उचलून तौनोने माझी पाठ झोडपायला सुरुवात केली, हळूहळू, मानेपासून खाली, तू करायचीस तशी. मला रडू आलं सिर्का. सौनात बरं असतं, तोंड ओलंच असतं.

“उघडलं असतं,” मी म्हणालो.

“माहीत आहे,” तौनो म्हणाला.

खोपटात आल्यावर त्याने पिशवीची दोरी सोडली, मोजा काढला आणि प्लग टेबलावर ठेवला, माझ्यासमोर. “गाठ तू सोडली होतीस ते मला त्याच दिवशी कळलं. तू फार नीट बांधतोस. घे. सकाळी गाव गाठलंस तर बस मिळेल, शनिवार उजाडायच्या आत तोर्नियोत असशील. मी अडवणार नाही. तिला दिलेला शब्द माझ्याकडून मोडला, आता पुढचं तुझं तू बघ.”

मी बराच वेळ त्या प्लगकडे बघत बसलो. मनात मी घरी पोचलोही होतो. पायरीवर उभा होतो, कालेवीला म्हणत होतो, हे खोकं खाली ठेव. तुझा चेहरा मात्र मला दिसेना.

मग मी उठलो, माझी पिशवी ओढली, आणि ज्याला शिसं म्हणत होतो ते टेबलावर ठेवलं. तुझ्या मागाच्या पाचरी. हो, मी काढल्या होत्या, निघायच्या आदल्या दिवशी. त्या ठोकल्याशिवाय माग कुठंही उभा राहणार नाही आणि त्या मागायला तुला माझ्याकडे यावं लागेल, असा हिशेब होता. तौनोवर संशय नंतर आला. तुझ्यावर आधीच होता.

तौनोने एकेक हातात घेऊन बघितली. तुझ्या वडिलांनी पाडलेल्या खाचांवरून बोट फिरवलं. एक खाच. दोन खाचा. चार.

“तिसरी?”

मी चुलीकडे बघितलं. त्याने माझ्या भाजलेल्या बोटाकडे बघितलं.

“आर्मास, आर्मास,” एवढंच म्हणाला आणि कॉफी ठेवायला उठला. स्वतः उठला.

आर्मास

शुक्रवार, १८ ऑगस्ट, सकाळी

सिर्का,

हे पत्र कुओपियोला नाही, आपल्याच घरच्या पत्त्यावर पाठवतोय. ऊला गावी नेईल, तिथून बसचा ड्रायव्हर तौनोचा दोस्त आहे, तो पुढच्या ड्रायव्हरच्या हाती देईल. उद्या सकाळी व्हॅन दारात लागेल तेव्हा पुडकं पायरीवर असेल, असं तौनो छातीठोक सांगतो. बसवाल्यांचा शब्द टपालापेक्षा पक्का असतो म्हणे.

सोबत आधीची सगळी पत्रंही आहेत. तिसरं जाळणार होतो. पण इथं मी एकदा काहीतरी जाळून बघितलंय, म्हणून ठेवलं. वाचायचं तर वाच.

आता नीट लक्ष दे. माग पाचरींशिवाय उभा आहे, मी चारी कोपरे दोरीने आवळलेत. दोऱ्या एकदम कापू नका, अंगावर येईल. आधी वरचा आडवा दांडा कालेवीला धरायला सांग, मग खालच्या गाठी सोडा. सतरंजी कापून काढू नकोस. तशीच दांडीला गुंडाळून ने, म्हणजे तिथं पुढे विणता येईल. निळ्या पट्ट्या पुरणार नाहीत, माझा दुसरा कोट कपाटात आहे, तो घेऊन जा. मला आता लागत नाही.

पुडक्यात चार पाचरी आहेत. एक, दोन आणि चार तुझ्या वडिलांच्या. तिसरी मी केलीय. आधी बर्च तोडायला निघालो होतो, पण तौनो म्हणाला, ओलं लाकूड आकसतं, महिन्यात ढिलं पडेल. मग त्याने मागच्या उतारावर उभ्याउभ्याच वाळून रुपेरी झालेला पाइन दाखवला. तो किती वर्षं मेलेला आहे कुणास ठाऊक, पण आता त्याला आकसायला काही उरलेलं नाही. काल दिवसभर तासत होतो. दोन बिघडल्या, ही जमली. वडिलांच्या हाताची सफाई तिला नाही. तीन खाचा पाडल्यात.

खोक्यांना दोऱ्या बांध किंवा बांधू नकोस, तुझी मर्जी. घराची किल्ली कुठं ठेवायची तेही तूच ठरव.

इंजिन चालू आहे. तौनोने पहाटे प्लग बसवला आणि एकदा चालवून दाखवलं, मला जायचं असेल तर म्हणून. मी म्हटलं, राहू दे. मग त्याने ते बंद केलं आणि वल्ही घेतली. आम्ही त्याच्या जागेवर जाणार आहोत. रविवारी निघू, ठरलंय तसं.

ऊलाची होडी दिसायला लागली. पाकीट या वेळी चिकटवलेलं नाही, केसही नाही. तौनो वाचेल, ऊला वाचेल, वाटेत कुणीही उघडून वाचू दे.

तिसरी पाचर घट्ट बसली नाही तर कळव, दुसरी करून पाठवीन. काही कळवलं नाहीस तर समजेन, बसली.

आर्मास